चाळीस सेकंद

चौकातला दिवा हिरवा झाला आणि तिने शेजारी उभ्या असलेल्या आंधळ्या माणसाचं कोपर धरलं. धरलं म्हणजे काय, धरून ओढलंच. खांद्यावर जड पिशवी, डोक्यात दहा विचार, आणि लोकांना मदत करण्याची सवय इतकी अंगवळणी पडलेली, की चार पावलं दोघं रस्त्यात आली तेव्हा कुठे तो माणूस थांबला. त्याने पांढरी काठी दोघांच्या मध्ये उभी केली आणि तिचीच समजूत घालत असल्यासारखा हळू म्हणाला, "बाई, मला पलीकडे जायचं नव्हतं. मी बायकोची वाट बघतोय. ती औषधाच्या दुकानात गेलीय." मग त्यालाच वाईट वाटलं असावं, कारण तो हसला. "पुढच्या वेळी आधी विचारा, मग धरा. एवढंच." तिने त्याला फुटपाथवर परत आणून सोडलं, या वेळी विचारून सोडलं, दोनदा माफी मागितली. तेवढ्यात औषधाची पुडी घेऊन त्याची बायको आली, आणि ही कोण बाई माझ्या नवऱ्याला घेऊन उभी आहे अशा नजरेने तिच्याकडे बघून त्याला घेऊन गेली. दिवा पुन्हा लाल झाला. पलीकडच्या थांब्यावरची तिची बस निघून गेली.

एवढ्याशा गोष्टीने माणसाने किती हलावं याला काही मर्यादा? पण ती हलली होती खरी. पुढची बस वीस मिनिटांनी होती, आणि थांब्यावरच्या बाकावर बसून ती आपल्या उजव्या हाताकडे बघत राहिली. तिचं काम मुळी धरण्याचंच होतं. बावीस वर्षं ती कृत्रिम पाय बनवत होती. दिवसाला आठ-दहा माणसं समोर येऊन बसायची, आणि अपघातातून, आजारातून जे काही वाचलं असेल ते ती दोन्ही हातांत घ्यायची, त्याच्यावर ओल्या प्लास्टरच्या पट्ट्या गुंडाळून साचा घ्यायची. कार्यशाळेत त्या उरलेल्या भागाला सगळे स्टंप म्हणत. फक्त शेजारच्या टेबलावरचे मिस्त्री त्याला पाय म्हणायचे. "पाय आणा पुढे," असं म्हणायचे, आणि पुढे येणारी वस्तू गुडघ्याखाली चार बोटं असली तरी त्यांच्या बोलण्यात फरक पडायचा नाही. पिशवीत तिने आज सगळं घेतलं होतं: प्लास्टरच्या पट्ट्यांचे सहा गुंडाळे, पातळ सुती मोजे, हाडाच्या जागा दाखवायला जांभळी पेन्सिल, बोथट टोकाची कात्री. गेल्या दोन्ही वेळी हेच सामान घेऊन ती बाबांकडे गेली होती आणि न वापरता परत आणलं होतं. आज तिसरी खेप.

बाबांचा डावा पाय पाच महिन्यांपूर्वी गुडघ्याखाली काढावा लागला. जखम छान भरली. डॉक्टर खूश, आत्या खूश, आणि बाबा खिडकीशी खुर्चीत. मांडीवर राखाडी शाल, शालीवर वर्तमानपत्र, वर्तमानपत्रावर चष्मा. दिवसभर असं बसून गुडघा वाकलेल्या जागी आखडत चालला होता. तिने ते न बघताच ओळखलं होतं, नुसतं शालीच्या घडीवरून. डॉक्टरांनीही स्पष्टच सांगितलं होतं, "या महिन्यात साचा घ्या. गुडघा असाच आखडला तर पुढे कितीही चांगला पाय बनवलात तरी ते उभे राहणार नाहीत." महिन्याचे सहा दिवस राहिले होते. शहरातल्या किती माणसांना तिने उभं केलं होतं, आणि तिच्या बापाला ती खुर्चीतून हलवू शकत नव्हती. कार्यशाळेतल्या दुसऱ्या कुणाला पाठवते म्हटलं की ते म्हणायचे, "परक्या माणसाने माझा पाय बघायचं काही कारण नाही." "आणि मी?" विचारलं की, "तू तर मुळीच नाही."

बस आली. तिला खिडकी मिळाली आणि पिशवी मांडीवर घेऊन ती बसली. एकोणीस वर्षं तिने मिस्त्रींच्या शेजारच्या टेबलावर काम केलं होतं. मिस्त्रींचा देव वेगळा, त्यांची प्रार्थनेची भाषा वेगळी, आणि तिच्याकडे तर देवच नव्हता. बाबांनी तिला तसं वाढवलं होतं. बाबा शाळेत भौतिकशास्त्र शिकवायचे आणि घरात संशय. लहानपणी तिने "पण कशावरून?" असं विचारलं की ते खूश होऊन तिला शंकासुर म्हणायचे, आणि हे नाव तिला इतर मुलींच्या सोनू-छकुलीपेक्षा जास्त आवडायचं. अशी ही शंकासुर कामावर लागली, आणि पहिल्याच दिवशी तिने पाहिलं की शेजारचे मिस्त्री प्रत्येक माणसामागे वेळ वाया घालवतात. माणूस समोर येऊन बसला की मिस्त्री कोमट पाण्याखाली हात धरायचे, पुसायचे, माणसापेक्षा खाली येईल अशा बुटक्या स्टुलावर बसायचे, तळवे आपल्याच गुडघ्यांवर ठेवायचे आणि खाली मान घालून गप्प व्हायचे. ओठ हलायचे. माणूस आधी गोंधळायचा, मग इकडेतिकडे बघायचा, मग एक उसासा टाकायचा, आणि मग, कधी पंधरा-वीस सेकंदांनी तर कधी दोन मिनिटांनी, आपणहून पाय पुढे सरकवायचा. तोवर मिस्त्री हात लावायचे नाहीत. तिने विचारलं तेव्हा म्हणाले, "शरीर काही माझं नाही, पोरी. त्याचंही नाही म्हण. ठेवायला दिलंय कुणीतरी. परवानगीशिवाय हात कसा लावू?" तिला हसू आलं होतं. बाहेर बाकावर माणसं खोळंबली आहेत आणि हे परवानगी मागतायत, तीसुद्धा भलतीकडेच.

तिने घरी सांगितलं तेव्हा बाबा म्हणाले, "हसू नकोस. तपास." मग तिने तपासलं. सहा महिने वहीत नोंदी केल्या: कोणाचा साचा, किती वेळ लागला, पाय टोचतो म्हणून माणूस किती वेळा परत आला. वेळ मिस्त्रींना जास्त लागत होता, यात शंकाच नव्हती. पण तिची दहातली चार माणसं परत येत होती आणि मिस्त्रींचं जेमतेम एक. ती आठवडाभर त्या आकड्यांवर रुसून बसली. मग एका दुपारी तिला उलगडा झाला, आणि ती धावतच मिस्त्रींच्या टेबलाशी गेली. "मिस्त्री, देव नाही तो. स्नायू आहे! घाबरलेला माणूस स्नायू आवळतो. आवळलेल्या पायाचा साचा घेतला की तो सैल पायाला टोचणारच. तुम्ही थांबता तेव्हा स्नायू सैल सुटतो. बस, एवढंच आहे." मिस्त्री कानशीने एक साचा घासत होते. त्यांनी कानस बाजूला ठेवली आणि मनापासून म्हणाले, "हो का? फार छान. स्नायूला माझा नमस्कार सांग." पुन्हा घासायला लागले. ती इतकी चिडली, आणि पुढे कितीतरी वर्षं ते आठवून इतकी हसली, की आता खरंखोटं सांगता येणार नाही, पण बहुतेक त्या दिवसापासून तिला मिस्त्री आवडायला लागले.

आणि मग तिने करायचा तो शहाणपणा केला. मिस्त्रींच्या थांबण्याची सरासरी काढली, ती निघाली चाळीस सेकंद. कार्डावर ठळक अक्षरांत लिहून भिंतीला लावलं: हात लावण्यापूर्वी चाळीस सेकंद थांबणे. नव्याने कामाला लागणाऱ्यांना ती तसंच शिकवायला लागली. देव वजा केला आणि फायदा ठेवला, असं तिला वाटलं. फायदा झालाही, चाराचे तीन झाले. तिनाचा एक मात्र कधी होईना. मिस्त्री ते कार्ड जाता-येता वाचायचे आणि काही बोलायचे नाहीत. उलट त्यांनीच तिचं एक उचललं. तोपर्यंत ते सगळं बोटांनी जोखायचे. एकदा तिने त्यांच्या साच्यात मापाची चूक दाखवली, तर दुसऱ्या दिवसापासून ते टेप घेऊन प्रत्येक माप दोनदा घ्यायला लागले आणि वहीत लिहायला लागले. "मी म्हणायचो, हाताला कळतं. तुझं बघून कळलं की हातालाही गर्व होतो," असं ते सगळ्यांदेखत म्हणाले. आपली चूक इतक्या सहज कबूल करणारा माणूस तिने घरी पाहिला नव्हता. बाबांचं सगळंच सहसा बरोबर असायचं.

बाबा एकदा तिला न्यायला आले होते आणि मिस्त्रींशी दोन तास भांडले होते. काय ते भांडण! चहा तीनदा झाला. बाबा म्हणाले, "तुमचा देव कधी चुकतो का?" मिस्त्री म्हणाले, "त्याचं मला माहीत नाही साहेब, मी चुकतो. म्हणून तर त्याच्याशी बोलावं लागतं." बाबा म्हणाले, "हे काही उत्तर नाही. रीत दाखवा." हे बाबांचं आयुष्यभराचं वाक्य. परीक्षेत उत्तर बरोबर आणि रीत चुकीची असेल तर ते शून्य द्यायचे. स्वतःच्या मुलीलाही दिलं होतं, सातवीत, आणि घरी येऊन ती रडली तर रीत पुन्हा समजावून सांगितली होती, पण शून्य बदललं नव्हतं. त्या संध्याकाळी घरी जाताना बाबा इतके खुशीत होते की तिला आश्चर्य वाटलं. "साफ चुकीचा माणूस आहे," ते म्हणाले. "पण काय सरळ चुकतो! त्याला सोडू नकोस."

बसने वळण घेतलं. पिशवी घसरली, तिने सावरली. पहिल्या खेपेला तिने काय केलं होतं? "चला बाबा, पाय पुढे," असं कामावरच्या आवाजात म्हणून शाल ओढली होती. बाबा ओरडले होते. बाबा! आवाज न चढवता वर्ग ताब्यात ठेवणारा माणूस. पट्ट्या भिजवायचं पातेलं लवंडलं, पाणी फरशीभर झालं, आणि आत्या फडकं घेऊन पुसता पुसता "अगं, जरा हळू घ्यावं माणसाने" असं कुणाला म्हणत होती ते दोघांनाही कळलं नाही. दुसऱ्या खेपेला, आठ दिवसांपूर्वी, ती शहाणी होऊन गेली. हात कोमट केले. बुटकं स्टूल घेतलं. तळवे गुडघ्यांवर, मान खाली. मनात एक, दोन, तीन. बाबा बघत राहिले. मग त्यांनी मोठ्याने मोजायला सुरुवात केली, "अडतीस, एकोणचाळीस, चाळीस. झाले. आता काय, घंटा वाजवू?" ती वर बघायला धजली नाही. "हे त्या मिस्त्रीचं सोंग आहे," बाबा म्हणाले. "तो निदान मनापासून करायचा." ते सोंग शब्दाने तिला इतकं लागलं की ती स्वयंपाकघरात जाऊन आत्यासमोर रडली. पंचेचाळीस वर्षांची बाई. आत्याने पदराने तिचे डोळे पुसले आणि सांगितलं की बाबाही रडतात, फक्त न्हाणीघरात नळ सोडून.

म्हणून काल ती मिस्त्रींकडे गेली. तीन वर्षांपूर्वी हात थरथरायला लागले आणि ते घरी बसले, लेकीकडे, दुसऱ्या मजल्यावर. गॅलरीत कुंड्या आणि कुंड्यांमध्ये ते. नाहीतर त्यांनाच घेऊन गेली असती. थरथरत्या हातांकडे बघून ते हसत म्हणाले, "आता माझीच परवानगी काढून घेतलीय त्याने," आणि त्यात कडवटपणा नव्हता. तिने सगळं सांगितलं. शाल, पातेलं, चाळीस सेकंद, सोंग. मग विचारलं, "मिस्त्री, तुम्ही मनात काय म्हणायचात?" ते तिच्याकडे वळले. "एकोणीस वर्षं शेजारी बसलीस, सरासरी काढलीस, आणि हे आज विचारतेस होय?" खरंच होतं. किती वेळ लागतो ते तिने मोजलं होतं, त्या वेळात काय चालतं ते विचारलं नव्हतं. तिथे देव असणार आणि देव आपल्या कामाचा नाही, म्हणून त्या दाराला तिने बाहेरूनच कडी घातली होती. मिस्त्री म्हणाले, "काही फार नाही गं. एकच म्हणतो. माझी घाई काढून घे. मला पाय बनवायची घाई असते, बरं करायची घाई असते, चांगला म्हणवून घ्यायची घाई असते. ती जाईपर्यंत म्हणत बसतो. कधी लवकर जाते, कधी नाही." ती म्हणाली, "मी कुणाला म्हणू?" मिस्त्रींनी कुंडीतलं एक वाळकं पान खुडलं. तीनदा बोटं चुकली, तेव्हा कुठे ते हाताला आलं. "ते मी कसं सांगणार, पोरी? माझ्याजवळ एकच पत्ता आहे, आणि तो तुला चालायचा नाही. खोटं खोटं म्हणू मात्र नकोस. त्याला कळो न कळो, पायाला कळतं."

बसमधून उतरून ती पोचली तेव्हा आत्याने दार उघडलं आणि खुणेनेच सांगितलं, आज मूड बरा आहे. बाबा खिडकीशी होते. शाल, वर्तमानपत्र, चष्मा. "आलीस? पिशवीसकट?" ते म्हणाले. तिने हात धुतले. पातेल्यात कोमट पाणी आणून ठेवलं, स्टूल ओढलं, बसली. आणि बसल्यावर तिच्या लक्षात आलं की तिच्याजवळ काहीच नाही. मोजायचं नव्हतं. कुणाला काही म्हणायचं नव्हतं, कारण कुणी नव्हतंच, आणि खोटं खोटं म्हणायला मिस्त्रींनी मनाई केली होती. शालीखाली वाकलेला गुडघा होता आणि तिच्या हातांत घाई होती, नुसती घाई, बोटांच्या टोकांपर्यंत. हेच हात तासाभरापूर्वी एका आंधळ्या माणसाला नको तिकडे ओढत घेऊन निघाले होते. किती वेळ गेला कुणास ठाऊक. आत्या दाराशी येऊन गेली. बाबा आज मोजत नव्हते. मग तिने तोंड उघडलं आणि समोर जो होता त्यालाच सांगितलं.

"बाबा, मला घाई झालीय. जातच नाही ती. मला भीती वाटते. तुमचा गुडघा आखडला तर मी बनवलेला पाय तुम्हाला कधी लागायचाच नाही, आणि मग मी इतकी वर्षं काय केलं असं होईल. म्हणून मी ओढते. शाल ओढली तीही त्यामुळेच. मला माफ करा."

बाबा खिडकीबाहेर बघत होते. खालच्या रस्त्यावर कुणीतरी गाडी मागे घेत होतं आणि दुसरं कुणीतरी त्याला येऊ दे, येऊ दे म्हणत होतं.

"अठरा," बाबा म्हणाले.

"काय?"

"अठरा अंश. सरळ व्हायला अठरा अंश कमी पडतात. गेल्या रविवारी पंधरा होते." त्यांनी खुर्चीच्या गादीखाली हात घातला आणि शाळेतला पिवळा पडलेला कोनमापक काढून तिच्यासमोर धरला. "मी मोजतो रोज. तुझी आत्या झोपली की दुपारी." त्यांनी कोनमापक पुन्हा गादीखाली सरकवला. "वाढतंय गं ते."

तिला त्यांच्या गळ्यात पडावंसं वाटलं, पण तिने ते केलं नाही, कारण त्याचीही घाईच झाली असती. बाबांनी वर्तमानपत्राची घडी घातली, चष्मा त्यावर ठेवला, आणि शाल आपल्या हाताने काढून बाजूच्या टेबलावर ठेवली. मग त्यांनी दोन्ही हातांनी मांडी उचलून पाय पुढे केला. पाच महिन्यांत तिने तो पहिल्यांदा पाहिला. गोरा, केस नसलेला, शिवणीची रेघ अगदी स्वच्छ. तिच्या ओळखीतल्या हजारभर पायांसारखाच होता आणि बाबांचा होता. "छान भरलाय पाय," ती म्हणाली. स्टंप म्हणाली नाही, ते तिला नंतर जाणवलं. तिने मोजा चढवला, पेन्सिलीने हाडांच्या जागा जांभळ्या केल्या, आणि पट्टी पाण्यात बुडवली. मांडी सैल होती. तळहाताला आधी कळलं, मग तिला.

पट्ट्या गुंडाळून झाल्या की गुडघ्याच्या वाटीखाली दोन्ही अंगठे दाबून, बोटं मागे लावून तसंच धरून बसावं लागतं. प्लास्टर घट्ट होताना आतून गरम होत जातं आणि तोवर हात हलवता येत नाही. कामातला हा वेळ तिला सगळ्यात जास्त आवडायचा. बाबांनाही ऊब कळली असावी, कारण त्यांनी डोळे मिटले. मिटल्या डोळ्यांनीच ते म्हणाले, "तो मिस्त्री काय म्हणायचा गं, मनातल्या मनात? विचारलंस कधी?"

"काल विचारलं. म्हणतात, माझी घाई काढून घे."

"एवढंच?"

"एवढंच."

बाबांच्या भुवया जवळ आल्या, पेपर तपासताना यायच्या तशा. लहानपणी ती दाराआडून ह्या भुवया बघायची आणि लाल पेन खाली टेकायची वाट बघत राहायची.

"रीत मला मान्य नाही," ते म्हणाले. मग त्यांचा हात तिच्या डोक्यावर येऊन टेकला. "पण उत्तर बरोबर आहे. पूर्ण मार्क दे त्याला."

"बाबा, रीत चुकली तर तुम्ही शून्य देता."

"द्यायचो," बाबा म्हणाले.

अंगठ्यांखाली प्लास्टर घट्ट झालं होतं. आता हात काढायला हरकत नव्हती. तिने काढले नाहीत, आणि बाबांनीही डोक्यावरचा हात तसाच ठेवला.